घरातली दुरुस्ती : अब्बांच्या वाल्व रेडिओला प्लग लावण्याआधी

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडच्या काही जुन्या घरांत माळ्यावर अजून एक लाकडी पेटी झाकून ठेवलेली सापडते. मर्फी, फिलिप्स नाहीतर बुशचा वाल्व रेडिओ. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला १९५२ साली आली, विविध भारती १९५७ साली. त्या काळी अशी पेटी मोहल्ल्यात मोजक्याच घरी असे आणि ईदच्या चांदची बातमी ऐकायला शेजारीही तिच्याभोवती जमत. आता घर आवरताना ती खाली उतरते, आणि कुणीतरी म्हणतो, "लावून तर बघू." तिथेच घात होतो.

तीस-चाळीस वर्षे बंद राहिलेल्या रेडिओचे वाल्व बहुधा चांगले असतात. खराब होतात ते कंडेन्सर. फिल्टरचे कंडेन्सर आतून सुकतात, कागदी कंडेन्सर आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ओल धरून गळू लागतात. थेट वीज दिली की ते शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर स्वस्तात मिळतो. तसाच ट्रान्सफॉर्मर मिळणे मुश्किल.

त्याहून मोठा प्रश्न जिवाचा. आत २५० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. मागे 'एसी-डीसी' लिहिलेल्या बऱ्याच सेटमध्ये तर लोखंडी चेसिस थेट लाइनला जोडलेली असते. नॉब निघालेल्या दांड्याला हात लागला तरी झटका बसतो. असा सेट मिस्त्रींकडेच न्यावा. मुलांना कोणत्याही उघड्या सेटजवळ येऊ देऊ नये.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटचे काम या क्रमाने करावे. प्लग न लावता मागचे झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढा. तडकलेली रबरी वायर बदला. व्होल्टेजची पट्टी २३० किंवा त्यापुढच्या खुणेवर आहे ना, बघा. मग फिल्टरचे कंडेन्सर बदला: क्षमता जुन्याइतकीच किंवा अगदी जवळची, व्होल्ट ४५०. "मोठा घातला तर चांगला" असे नसते. रेक्टिफायर वाल्वला तो झेपत नाही. त्यानंतर आउटपुट वाल्वच्या ग्रिडवर येणारा कंडेन्सर बदला. हा गळका असला की आवाज फाटतो, वाल्व लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो.

आता प्लग लावायचा, पण सिरीज बोर्डवर, १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावून. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

रेडिओ बोलू लागल्यावर आवाजावरून दोष कळतो. सतत घूं-घूं आली तर फिल्टर बघा. खरखर आली तर व्हॉल्यूम कंट्रोल, बँड स्विच आणि वाल्वचे बेस कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, अर्थात प्लग काढून आणि साठलेली वीज उतरवून. स्टेशन लागत नाही म्हणून आयएफटीचे स्क्रू मात्र कधीच फिरवू नका. ते एकदा हलले की मोजणीच्या यंत्राशिवाय नीट जागेवर येत नाहीत. त्यापेक्षा आधी छतावर वीस-तीस फूट एरियलची तार बांधून बघा, विजेच्या तारांपासून दूर.

हे काम मीटर धरता येणाऱ्यानेच करावे. आपल्या गावात वाल्वचे काम केलेले बुजुर्ग मिस्त्री असतील तर रेडिओ त्यांच्याकडे न्या आणि सोबत घरातल्या आयटीआय शिकणाऱ्या मुला-मुलीलाही न्या. दुकाने बंद होत चालली. हा हुनर त्यांच्या हातातच आहे, पुस्तकात फार थोडा. काम झाले की काय बदलले, कोणत्या तारखेला, हे चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आत चिकटवा. पुढे ती उघडणाऱ्याला तिचा उपयोग होईल.