जन्ममास आणि धाकटा संघ

मुंबईंत पावसाळा आणि फुटबॉल यांची जोडी जुनी आहे. क्रिकेटचीं मैदानें चिखलानें बंद झालीं कीं त्याच चिखलांत फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि आझाद मैदानावर शाळाशाळांचे सामने लागतात. १८९३ सालीं स्थापन झालेली मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन हे सामने भरविते. त्यांत सोळा वर्षांखालील मुलांपासून थेट दहा वर्षांखालील मुलांपर्यंत गट असतात. थोरल्या संघांविषयीं वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. आज आपण धाकट्यांकडे वळूं. ज्यांचे मोजे गुडघ्याच्या वर जातात आणि चेंडू दिसतांच ज्यांचा सगळा संघ एकदम त्याच्यामागें धांवतो, ते हे खेळाडू.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत दोन चुलत भाऊ आहेत. दोघांचें जन्मवर्ष एकच. परंतु एक जानेवारींतला, दुसरा डिसेंबरांतला. दोघांनींहि शाळेच्या दहा वर्षांखालील संघासाठीं निवड-चांचणी दिली. थोरला संघांत गेला. धाकट्याचें नांव राखीव यादींत पडलें आणि सबंध हंगामांत त्याच्या वाट्याला मोजकीं मिनिटें आलीं. घरांत निकाल लागला कीं एकाच्या अंगांत खेळ आहे, दुसऱ्याच्या नाहीं. तेव्हां दुसऱ्यास संध्याकाळीं शिष्यवृत्तीच्या शिकवणीला घालावें, असें आजोबांनीं सुचविलें. आजोबा समंजस गृहस्थ आहेत व त्यांचा हेतु चांगला होता. पण ज्या पुराव्यावर हा निवाडा झाला, तो पुरावा तपासून पाहण्याजोगा आहे.

आपल्याकडील फुटबॉलमध्यें वयोगट ठरवितांना वर्षाची सुरुवात १ जानेवारीस धरतात. त्यामुळें जानेवारींत जन्मलेला आणि डिसेंबरांत जन्मलेला मुलगा कागदावर समवयस्क ठरतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतींत अकरा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. तेवढ्या अवधींत उंची वाढते, पायांत जोर येतो, सांगितलेलें नीट ध्यानांत राहूं लागतें. अर्ध्या तासाच्या चांचणींत शिक्षकांस जें दिसतें, तें पुष्कळदां या अकरा महिन्यांचें अंतर असतें. आपण त्याला अंगचा गुण म्हणून मोकळे होतों.

ही गोष्ट ठळकपणें नजरेस आली ती कॅनडांत, आणि तीहि एका बाईंच्या. रॉजर बार्न्सले हे मानसशास्त्रज्ञ पत्नी पॉला व मुलें यांच्यासह बर्फावरील हॉकीचा सामना पाहावयास गेले होते. कार्यक्रमपत्रिका चाळतां चाळतां पॉलाबाईंचें लक्ष खेळाडूंच्या जन्मतारखांकडे गेलें. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुनःपुन्हां येत होते! पुढें या मंडळींनीं खेळाडूंच्या याद्या जमवून तपासल्या व १९८५ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला.

जन्ममासाचा आणि यशाचा संबंध आहे म्हटलें, कीं आपल्या घरांतून ग्रहांची आठवण व्हावयाचीच. (आपल्यांतील कित्येक वडीलधाऱ्यांची पत्रिका घटी-पळांपर्यंत अचूक, आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र मास्तरांनीं सोयीसाठीं लिहिलेली १ जून, ही मौज निराळीच.) परंतु बेल्जियमचें उदाहरण पाहावें. तेथील फुटबॉलचें वर्ष पूर्वीं १ ऑगस्टला सुरू होत असे. १९९७ सालीं तें १ जानेवारीवर आणण्यांत आलें. लूव्हेन येथील वर्नर हेल्सेन आणि त्यांचे सहकारी यांनीं या बदलाच्या आधींच्या व नंतरच्या निवडी ताडून पाहिल्या व २००० सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निवडलेल्या मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरांत जन्मलेल्यांचें प्रमाण घटलें होतें आणि जानेवारी ते मार्चांतल्यांचें वाढलें होतें. ग्रह जागच्या जागीं होते. कचेरींतील एक तारीख तेवढी सरकली आणि होतकरू मुलगे बदलले.

यांतील खरें नुकसान पुढेंच आहे. जो निवडला गेला त्याला अधिक सराव मिळतो, अधिक सामने मिळतात, शिक्षकांची नजर त्याच्यावर राहते. आणि दोन-तीन हंगामांनीं तो खरोखरच सरस खेळूं लागतो. राखीव मुलगा त्या काळांत पाण्याच्या बाटल्या सांभाळतो व मग मैदानावर जाणेंच सोडतो. चुकीचा निवाडा अशा रीतीनें आपोआप खरा ठरतो, आणि तो देणाऱ्यास आपली नजर अचूक होती असें वाटत राहतें.

क्रीडाशिक्षकांवर आग पाखडण्यांत अर्थ नाहीं. चाळीस मुलें, भाड्यानें मिळालेलें अर्धें मैदान, वर पाऊस, आणि कार्यालयांत चषकांचें कपाट भरण्याची वाट पाहणारे चालक, एवढ्यांत त्यांना काम भागवावयाचें असतें. परंतु अगदीं लहान गटांत एकच निवडक संघ ठेवणें ही शाळेची चूक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें २०१२ सालीं ठरविलें, कीं सात-आठ वर्षांच्या मुलांनीं पांच-पांचांचा, त्यापुढें सात-सातांचा, मग नऊ-नवांचा खेळ खेळावा व अकरांचा पूर्ण संघ त्यानंतर यावा. अशा खेळांत मैदान लहान लागतें आणि प्रत्येक पायाला चेंडू अधिक वेळां लागतो. आपल्या शाळांतील मैदानांची टंचाई पाहतां, ही सोय आपल्यालाच अधिक मानवावी. तेथील कांहीं मोठ्या क्लबांनीं तर मधूनमधून वय बाजूला ठेवून शरीराच्या वाढीप्रमाणें मुलांचे गट पाडून पाहिले आहेत.

कांहीं पालक याच्या उलट मार्ग धरतात, आणि त्याविषयीं बोलणें भाग आहे. मुलगा लहान ठरावा म्हणून जन्माच्या दाखल्यावरील वर्षच पुढें ढकलतात. हें पकडण्यासाठीं स्पर्धांतून मनगटाच्या हाडांचें क्ष-किरण चित्र काढावें लागतें. त्या तपासणींत वाढ कळते, जन्मतारीख नव्हे. म्हणून क्वचित् लवकर वाढलेल्या प्रामाणिक मुलावरहि संशय येतो. बापाच्या लबाडीची झळ अशी परक्या मुलास लागते, आणि ज्याच्यासाठीं ती केली, त्या नऊ वर्षांच्या पोराला आपला वाढदिवस खोटा सांगावा लागतो.

ज्या घरांतून धाकटीं मुलें या खेळास जातात, त्यांनीं शाळेस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. या गटांत एकूण मुलें किती आणि संघ किती? प्रत्येक मुलास सामन्यांत निदान किती मिनिटें खेळावयास मिळतात? आणि राखीव यादी हंगामाच्या मध्यावर पुन्हां पाहिली जाते कीं वर्षभर तशीच राहते? हे प्रश्न शाळा उघडतांच जूनमध्यें विचारलेले बरे. नांवें एकदां स्पर्धेकडे गेलीं म्हणजे शिक्षकांच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.