गच्चीवरचं ऊन

नवऱ्याने इंटरनेटवर सोलारच्या चौकशीचा फॉर्म भरला आणि फोन नंबर माझा दिला. यात नवल नाही. वॉटर फिल्टरच्या वेळी हेच झालं होतं. फॉर्म भरल्यापासून आमच्या नाशिकच्या घराच्या पायऱ्या सोलारवाली मुलं झिजवताहेत. भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी. सगळे पाणी मागतात आणि सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "मॅडम, बिल किती येतं?" मी आकडा सांगायचा अवकाश, "तीन किलोवॅट बसवा, बिल झीरो!" लाईट जाते का, कधी जाते, गेली तर घरात काय चालू राहायला हवं, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आकडे एकदाच सांगून टाकते. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं. चौथा किलोवॅट स्वतःच्या हौसेचा. अनुदान हवं असेल तर पॅनेल देशात बनलेलंच लागतं. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची जाते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज मिळते. बॅटरीसाठी या योजनेत वेगळा पैसा नाही.

आता शेजारच्या नानांकडे वळू. नानांनी गेल्या वर्षी पॅनेल बसवली, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात सूर्य हा घरचा माणूस झाला आहे. "आज सकाळी जरा सुस्त होता, अकरानंतर लागला कामाला," असं ते मोबाइलमधलं ॲप बघत सांगतात. परवा दुपारी एक वाजता लाईट गेली. दहाच मिनिटांत नाना पंच्याने मान पुसत आमच्या दारात. आमच्याकडे जुन्या इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, त्याखाली बसले. डोक्यावर आग ओकणारं ऊन, त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॅटची चकाचक पॅनेल, आणि मालक उसन्या वाऱ्याला!

माझे धाकटे दीर इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहेत. ते नेमके जेवायला आले होते. म्हणाले, "नाना, तुमचा सोलार ऑन-ग्रिड आहे. बाहेरची लाईट गेली की तुमचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. कारण त्या वेळी खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल."

नाना वायरमनच्या बाजूने होते, पण घामही येत होता. "हे मला आधी सांगायला नको?" ते म्हणाले. सांगितलं होतं त्यांना, 'चोवीस तास वीज'. ती कुठून येणार, हे सांगायचं राहिलं.

मग आमच्या दिवाणखान्यात बॅटरीवर परिसंवाद झाला. भाऊजींचं म्हणणं मला पटलं, म्हणून इथे देते. फक्त बिल कमी करायचं असेल तर बॅटरी घेऊच नका. नेट मीटर असलं की दिवसाची जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री तुम्ही ती परत वापरता आणि हिशेब बिलात होतो. बॅटरीचे पैसे लाईट जाण्यावरचा उपाय म्हणून मोजायचे, आणि त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पण लाईट गेल्यावर काय चालवायचं, ते आधी ठरवा. दोन पंखे, चार दिवे, वायफाय आणि टीव्ही तीन तास चालले तर जेमतेम एक युनिट. दीड टनाचा एसी म्हणालात तर एवढं युनिट तासाभराच्या आतच संपतं. आमच्या जिन्याखालची दीडशे अँपिअर-अवरची ॲसिडवाली बॅटरी कागदावर 1.8 युनिटची आहे. ती टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची, शिवाय वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर पाजायचं. लिथियमवाली महाग, पण बरीचशी रिकामी केलेली तिला चालते, आणि वर्षानुवर्षं चालते.

एवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "माझ्या कुरडया कुठे वाळणार?"

इथून पुढे सोलार मागे पडला. तीनशे चौरस फूट सोलारला, एक कोपरा पाण्याच्या टाकीला, एक कपड्यांच्या दोऱ्यांना, की उरतं काय? या गच्चीवर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, वर्षाचं तिखट करायच्या मिरच्या, सगळं वाळलं आहे. सौर ऊर्जेचा वापर आमच्या घरात योजनेच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याला अनुदान कधीच मिळालेलं नाही. सासूबाईंनी आदल्याच दिवशी आलेल्या मुलाला विचारलं होतं, "त्या काचेवरच पापड घातले तर?" तो बिचारा हातातला ग्लास खाली ठेवून उठला. भाऊजी म्हणाले, "घाला की वहिनींना विचारून, जेवढे पापड तेवढी वीज कमी." वहिनी म्हणजे मी. मला कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं.

त्यात नारळ. आमच्या दक्षिणेला नानांचा नारळ आहे, आणि पॅनेल बघतात दक्षिणेकडे. मुलं येताहेत मे महिन्यात. वीस मेच्या आसपास नाशिकला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, झाडाची सावली झाडाच्याच पायाशी. कोणालाही नारळ दिसत नाही. संक्रांतीच्या सुमाराला दुपारची सावलीसुद्धा जवळपास झाडाच्या उंचीएवढी लांब पडते, ती थेट आमच्या टाकीपर्यंत येते. एका पॅनेलवर सावली आली तर त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. मी नानांकडे विषय काढला, नुसता काढला. सूर्याचे एवढे भक्त, पण एकदम ताठ झाले. "कल्पवृक्ष आहे तो," म्हणाले. वर कायदाही ऐकवला, शहरात झाड तोडायला 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. कायदा खरा आहे. त्या नारळाच्या वड्या दर श्रावणात आमच्याकडे येतात, हेही खरं आहे.

सध्या एकच तोडगा दिसतो. पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर, टाकीपासून उत्तरेला सरकवून बसवायची, म्हणजे कडेच्या उन्हात वाळवण आणि खाली कपडे. त्या सांगाड्याचा खर्च वेगळा, आणि वाऱ्यात तो किती हलतो, याबद्दल प्रत्येक मुलगा वेगळं सांगतो. वाचकांपैकी कोणी असा उंच सांगाडा बसवून दोन पावसाळे काढले असतील, तर मला जरूर कळवा. आणि कळवताना लाईट गेल्यावर तुमच्याकडे नेमकं काय काय चालतं, तेही लिहा.