अकलेला बसलेला बट्टा

नळदुर्गात कुणाच्या पेटीत जुनं नाणं निघालं की त्याचे दोनच भाव बोलले जातात. एक तीस लाख. दुसरा सराफाच्या काट्यावर भरेल तो. मधला भाव कुणाला नकोच असतो. मला फारसी-उर्दू अक्षरं लागतात हे गावाला ठाऊक आहे, म्हणून मंडळी माझ्या ओट्यावर येतात आणि दहा मिनिटांत माझ्याशी वैर धरून जातात.

"सर, अकबराचं हाय. मोबाइलवर सेम असंच दाखवलंय बगा."

नाण्यावर ठसठशीत चारमिनार! चारमिनार 1591 साली हैदराबादेत मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधला, अकबराला त्याचं काय? नाणं निजामाचं आहे. चारमिनारच्या कमानीत एक इवलंसं अक्षर असतं. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान, ज्याच्या नावानं आपला जिल्हा परवापर्यंत ओळखला जायचा. तो 'ऐन' अर्धा आहे की पुरा, यावरूनही संग्राहक वाद घालतात. सोबत हिजरी साल असतं. भिंगातून हे बघायला पाच मिनिटं पुरतात. पण तीस लाखांच्या मालकाला भिंग धरायची फुरसत नसते, त्याला थेट ग्राहकाचा नंबर हवा असतो.

वर नाणं आणताना ते चिंच-राखेनं घासून लखलखीत करून आणलेलं असतं. शंभर वर्षांत चढलेला काळपट रंग, अक्षरांच्या कडा, सगळं साफ. संग्राहक पैसे मोजतो ते नेमके त्या रंगाचे आणि त्या कडांचे. समई घासावी तशी ही माणसं स्वतःच्या हातानं नाण्याचा निम्मा भाव धुऊन काढतात, आणि मग मलाच विचारतात, "इतकं चकचकीत, तरी कमी कसं?"

जुनं म्हणजे महाग, हे खूळ तर डोक्यातून निघतच नाही. जर्मनीत 1923 च्या भयंकर महागाईत कोटी-कोटी मार्कांच्या नोटा छापल्या गेल्या. त्यांना शंभर वर्षं उलटली, तरी त्यातल्या बहुतेक आज किरकोळ पैशात मिळतात, कारण पोत्यानं छापल्या होत्या. याच जर्मनांनी पूर्व आफ्रिकेत चक्क रुपया पाडला होता. एका रुपयाचे 64 पेसा, आपल्या तेव्हाच्या पैशांसारखेच. 1890 च्या त्या पेसावर एका बाजूला जर्मन गरुड आणि दुसऱ्या बाजूला अरबी अक्षरं. तो नळदुर्गात उगवला तर तोही अकबराचाच ठरेल.

आमच्या किल्ल्यातला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. याच इब्राहिमच्या तांब्याच्या जाड, ओबडधोबड नाण्यांवर फारसी लिपीत 'इब्राहिम अबला बली' असं कोरलेलं आहे. चारशे वर्षांचं नाणं, तरी साधा नमुना काही शे रुपयांत मिळतो. दुदांडी शिवराईचंही तेच. ती 'महाराजांच्या हातची' म्हणून विकतात. प्रत्यक्षात ती पेशवाईच्या उतरत्या काळातली आणि त्यानंतरची. उलट 1939 चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया वयानं माझ्या थोरल्या चुलत्याएवढा, पण फारच थोडे बाहेर आले म्हणून त्याला लाखांत मागणी. किती पाडली, किती उरली, किती झिजली आणि घेणारे किती, एवढ्यावर भाव ठरतो. वयाला कोण विचारतो?

यात भर घालायला ठग आहेतच. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं म्हणे दहा लाखांना जातं. ते 2012 साली सरकारनंच पाडलं, आणि पाडलं तेही भरपूर. 1818 साल घातलेला, देवांची चित्रं असलेला 'ईस्ट इंडिया कंपनीचा एक आणा' कंपनीनं कधी पाडलाच नव्हता. मग तांदूळ ओढणारं नाणं, जे म्हणे 'नासा' विकत घेते. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र. आमच्या नावानं कुणी असे पैसे मागत असेल तर आमचा त्याच्याशी संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये स्वतः जाहीर केलं. आणि ठग सांगतात तो दुबईचा ग्राहक! शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, असा 1972 चा कायदा आहे. पण पदवीधर पोरं पैसे भरतात. पदवीला काय बघायचं म्हणा.

राग येतो तो यासाठी, की या पोरांच्या आज्याला हे शिकवावं लागत नव्हतं. नळदुर्ग निजामाचं, सोलापूर इंग्रजांचं. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. हाली रुपया 11.178 ग्रॅमचा, हजारात 818 भाग चांदी. कलदार पुरा तोळा, 11.66 ग्रॅम, हजारात 916 भाग. म्हणून साधारण सात हालीला सहा कलदार. हिशेब मांडून बघा, दोन्हीकडं सुमारे 64 ग्रॅम चांदी भरते. सोलापूरच्या बाजाराला जाणाऱ्या अंगठेबहाद्दर कुणब्याला बट्टा किती बसणार हे तोंडपाठ असायचं. हाली 1959 साली कायमचा बंद झाला. त्याच्यासोबत ही अक्कलही बंद झालेली दिसते.

सराफाला मी नावं ठेवणार नाही. तो टंच बघतो, मोड घेतो, आटणीला टाकतो. त्याचा धंदाच तो. चांदी चढली की जिल्ह्यातले चारमिनार रुपये मुशीत जातात. पण सरकारनं तरी दुसरं काय केलंय? गुप्तधनाचा कायदा 1878 चा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं, नाहीतर वर्षापर्यंत तुरुंग, दंड किंवा दोन्ही. ठेवा बेवारस ठरला आणि सरकारला तो हवा असला, तर कलम 16 नुसार मोबदला किती? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे सातवाहनांचं शिशाचं नाणं सापडलं तर शिशाचा भाव आणि वर वीस टक्के! अशा नाण्यांसाठी तेरला लामतुरे संग्रहालयात माणसं वाट वाकडी करून जातात. इंग्लंडनं 1996 च्या कायद्यात बाजारभाव देण्याची सोय केली. तिथं शोधणारा माणूस आपणहून येऊन वर्दी देतो. इथं नांगराला मडकं लागलेला शेतकरी तलाठी, तहसील, पंचनामा यांचा विचार करतो आणि गुपचूप सराफाकडं जातो. त्याचा हिशेब चोख आहे.

दर पावसाळ्यात आमदार-खासदार किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यापुढं फोटो काढायला येतात. यंदा येताना त्यांनी कलम 16 ची एक प्रत खिशात घालून आणावी. अर्थ लागला नाही तर माझा ओटा किल्ल्यापासून लांब नाही.