लकवा : शब्द एक, आजार दोन

सिहोरा-तुमसर भागात कुणाचे तोंड वाकडे झाले तरी ‘लकवा मारला’ म्हणतात, आणि अर्धे अंग लुळे पडले तरीही ‘लकवा मारला’ असेच म्हणतात. या एका शब्दापायी रुग्णाचे मोठे नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘लकवा’ हा मूळ अरबी शब्द. युनानी वैद्यकातून तो हिंदी-उर्दूत व तेथून आपल्या बोलीत आला. हकीम लकवा म्हणत ते फक्त चेहऱ्याच्या पक्षाघाताला. अर्धे अंग गेले तर त्यांचा शब्द वेगळा, ‘फालिज’. आयुर्वेदातही ‘अर्दित’ आणि ‘पक्षाघात’ असे दोन शब्द आहेत. जुन्या वैद्यांनी राखलेला हा भेद आपल्या बोलीत पुसला गेला.

पहिल्या प्रकारात बहुधा चेहऱ्याची नस सुजते. यातले सुमारे ७० टक्के रुग्ण औषधाविनाही काही महिन्यांत पूर्ण बरे होतात. श्रेय मात्र मधल्या काळातल्या झाडपाल्याला, मालिशला किंवा मंतरलेल्या धाग्याला मिळते. पुढे शेजारी कुणाचे हातपाय लुळे पडले, की ‘हाही लकवाच’ म्हणून त्यालाही तिकडेच नेतात.

पण हा आजार मेंदूचा असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती फुटते. गुठळीने मोठी वाहिनी बंद झाली, की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच देता येते. सिहोऱ्यासारख्या गावाहून मोठ्या दवाखान्यापर्यंतच कितीतरी वेळ जातो. मग धाग्यादोऱ्यासाठी वेळ उरतो कुठे?

म्हणून तोंड अचानक वाकडे होणे, हात न उचलणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये, ठसका लागण्याचा धोका असतो. लकवा चेहऱ्याचा की मेंदूचा, याचा निवाडा घरी करू नये. चेहऱ्याच्या नसेचा निघाला तरी त्याचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेले बरे. व्यायामाची पाळी नंतर, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

बोलीतला शब्द बदलणार नाही, बदलूही नये. मात्र ‘लकवा’ म्हणताच पाय आधी दवाखान्याकडे वळले पाहिजेत.