गोठलेले तळे आणि महापालिका
टोरांटोच्या हाय पार्कमधील ग्रेनेडिअर तळ्यावर स्केटिंग करण्याची, म्हणजे बुटांच्या तळाशी पोलादी पाती लावून बर्फावरून घसरत जाण्याची, रीत जुनी असून पूर्वी तेथील महापालिका स्वतः बर्फाची जाडी तपासून पाहत असे. पुढे ती तपासणी थांबली आणि काठावर मनाईचे फलक लागले. या मनाईमागील कारणे पोकळ नाहीत. कॅनडाच्या रेड क्रॉसनुसार एकट्यादुकट्यासाठी 15 आणि घोळक्यासाठी 20 सेंटिमीटर जाडीचा बर्फ लागतो. परंतु शहरी तळ्याला रस्त्यांवरचे पाणी येऊन मिळते, हिम वितळविण्यासाठी पसरलेले मीठ त्यासोबत वाहत येते आणि मिठामुळे पाण्याचा गोठणांक, म्हणजे ज्या तापमानाला पाणी गोठते तो अंश, खाली जात असल्याने नाल्याच्या मुखापाशी बर्फ पातळ राहतो, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. तथापि फलकांना न जुमानता लोक तळ्यावर उतरतातच (आणि जेथे हिवाळा महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो तेथे त्यांना दोष तरी किती द्यावा?), त्यामुळे मनाईने धोका टळत नाही, अपघाताचे कायदेशीर दायित्व तेवढे महापालिकेच्या अंगावरून झटकले जाते. जमिनीतील नळ्यांमधून शीतद्रव फिरवून गोठवलेली 50 हून अधिक मैदाने, अर्थात कृत्रिम रिंक, हे शहर चालवते. त्या मानाने गिरमिटाने भोके पाडून जाडी मोजणे आणि धोक्याच्या जागी निशाणे रोवणे हा किरकोळ खर्च असून तो महापालिकेने उचलावाच, मात्र हंगामाची हमी देऊ नये, कारण ओटावातील रिडो कालव्यावरचा 7.8 किलोमीटरचा विख्यात स्केटमार्गसुद्धा 2022-23 च्या उबदार हिवाळ्यात, त्याच्या इतिहासात प्रथमच, एक दिवसही उघडता आला नाही.