कृषी अभियंता व्हायचंय? आधी दोन्ही बाजू बघा

नेरळ : बारावीनंतर ‘ॲग्री’ म्हटलं की आपल्याकडे बीएस्सी ॲग्रीच डोळ्यांपुढे येते. कृषी अभियांत्रिकीचा बीटेक हा वेगळा, चार वर्षांचा कोर्स आहे. यात यंत्रं, पाणी, मृदसंधारण आणि शेतमाल प्रक्रिया यांचा अभ्यास जास्त. कोकणात हे कॉलेज दापोलीला, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आहे. प्रवेश सीईटीवर होतो, म्हणून अकरावीलाच गणित सोडू नये.

कर्जत तालुक्यात या कामाला तोटा नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर. भातलावणीला माणूस मिळत नाही आणि खाचरं इतकी लहान की मोठा ट्रॅक्टर वळत नाही. इथल्या बांधाला बसेल असं यंत्र इथल्याच मुलामुलींनी बनवायला हवं. आंबा काढायचा ‘नूतन झेला’ दापोलीतूनच आला.

अडचण नोकरीची आहे. एमपीएससीच्या कृषी सेवा परीक्षेत आपल्या विषयाचं वजन घटवलं, म्हणून या विद्यार्थ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये आंदोलन केलं. स्वतंत्र कृषी अभियांत्रिकी संचालनालय हवं, हीही मागणी होती. म्हणजे काम गावात आहे, पण सरकारी खुर्च्या मोजक्या.

तेव्हा फक्त सरकारी पदावर डोळा ठेवून फी भरू नये. ठिबक आणि अवजारांच्या कंपन्या, राईस मिल, अवजारं भाड्याने देण्याचा धंदा, हे रस्तेही आधीच बघून ठेवावेत. घरचा पंप किंवा पॉवर टिलर बिघडला की ज्याचे हात शिवशिवतात, त्याने मात्र बिनधास्त जावं.