सुटे भाग उत्तीर्ण, यंत्रणा नापास

१२ एप्रिल २०२५ रोजी, ऐन शनिवारी, देशभरातील ‘यूपीआय’ व्यवहार काही तास रखडले. त्याआधी २६ मार्चलाही असेच घडले होते. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे ‘एनपीसीआय’ने, एप्रिलमधील बिघाडाचे जे कारण शोधले, ते मला सायबर हल्ल्यापेक्षाही अधिक अस्वस्थ करणारे वाटते. काही बँकांच्या प्रणाली ‘या व्यवहाराचे पुढे काय झाले?’ अशी विचारणा मध्यवर्ती यंत्रणेकडे पुन:पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांबाबतही करत राहिल्या आणि त्या लोंढ्याखाली यंत्रणा गुदमरली. उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा विचारावे, ही प्रत्येक प्रणालीच्या दृष्टीने सावधगिरीच. ती अनेकांनी एकाच वेळी बाळगली की तिचेच संकट होते.

आजची मोठी सॉफ्टवेअर यंत्रणा एकसंध नसते. ‘मायक्रोसर्व्हिसेस’ पद्धतीत ओळख पटवणे, शिल्लक पाहणे, रक्कम वजा करणे, संदेश पाठवणे अशी प्रत्येक सेवा स्वतंत्र असते. ती स्वतंत्रपणे बदलता येते आणि इतर सेवांशी जाळ्यावरून बोलते. ‘यूपीआय’मध्ये तर या सेवांचे मालकही वेगवेगळे आहेत: ॲप एकाचे, खाते दुसऱ्या बँकेत, पैसे घेणारा तिसऱ्या बँकेचा ग्राहक आणि मध्ये एनपीसीआय. जोडणीपूर्वी प्रत्येक संस्थेला प्रमाणन चाचणी द्यावी लागते. पण तिच्यातून ती संस्था ठरलेल्या भाषेत बोलते की नाही, एवढेच प्रामुख्याने कळते. सगळे एकदम बोलू लागले तर काय होईल, हा प्रश्न निराळा आहे.

त्याचे उत्तर प्रणाली चाचणीतच मिळते, आणि ती उभारणे कष्टाचे असते. सर्व सेवांची, प्रत्यक्ष वापरातल्याच आवृत्त्यांसह, एक प्रतियंत्रणा उभारावी लागते. तिच्यात खऱ्या नागरिकांची माहिती वापरणे गैर. तिच्याशी मिळतीजुळती कृत्रिम माहिती तयार करावी लागते. मग महिन्याच्या एक तारखेचा किंवा दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा भार तिच्यावर सोडायचा आणि मुद्दाम खोड्या काढायच्या. एक बँक बंद पाडायची. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक बँक नुसती मंद करायची. कारण बंद पडलेली सेवा लगेच ओळखू येते, मंदावलेली मात्र इतरांना ताटकळत ठेवते आणि त्यांना पुन:पुन्हा विचारायला भाग पाडते. रक्कम वजा झाल्यावर, पण जमा होण्यापूर्वी, दुवा तोडून पाहायचा: पैसे परत येतात का, की दोनदा वजा होतात? आणि हे उद्घाटनापूर्वी एकदा करून भागत नाही. साखळीतील कोणतीही सेवा बदलली की कालचा निकाल शिळा होतो.

प्राप्तिकर खात्याच्या नव्या संकेतस्थळाचा अनुभव याच जातीचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी सुमारे ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा १८ महिन्यांत काम पूर्ण करून तीन महिन्यांच्या चाचणीनंतर तो सुरू होईल, असे जाहीर झाले होते. ७ जून २०२१ रोजी संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्याच दिवसापासून तक्रारींचा ओघ लागला. ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने कंत्राटदार कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले. विवरणपत्रांची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत गेली. म्हणजे चाचणीचा उत्तरार्ध करदात्यांनीच पार पाडला, तोही बिनपगारी!

रिझर्व्ह बँक हात बांधून बसलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या खासगी बँकेला नव्या डिजिटल सेवा थांबवण्याचे आदेश तिने दिले. एप्रिल २०२४ मध्ये दुसरीला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. पण ही कारवाई त्रुटी दिसल्यानंतरची आणि एकेका बँकेवरची. साखळीच्या सांध्यांना तिच्यात मालक नाही. एनपीसीआयने १ ऑगस्ट २०२५ पासून शिल्लक तपासण्यावर प्रत्येक ॲपमागे दिवसाला ५० वेळांची मर्यादा घातली; प्रलंबित व्यवहाराची विचारणा किती वेळा करावी, यालाही लगाम लावला. हे नियम योग्यच आहेत. मात्र त्यांची गरज प्रयोगशाळेत कळायला हवी होती, भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी नव्हे.

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. एवढी प्रतियंत्रणा कायम चालवणे महागडे आहे. लहान सहकारी बँकांना तर ते झेपणारही नाही. म्हणूनच ती सामाईक असावी, एनपीसीआयने चालवावी आणि खर्चाची वाटणी व्यवहारांच्या प्रमाणात व्हावी. सहभागी संस्थेने नवी आवृत्ती आधी तिथे आणावी, मगच प्रत्यक्ष वापरात. सरकारी निविदांतही चाचणीचा कालावधी आणि पैसा स्वतंत्र बांधून ठेवावा. काम लांबले म्हणून त्यातून दिवस उसने घेण्याची मुभा नसावी. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘यूपीआय’वर महिनाभरात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्या महिन्यातला सर्वांत गर्दीचा दिवस प्रतियंत्रणेवर पुन्हा घडवून पाहणे आणि त्याचा निकाल जाहीर करणे, ही सुरुवात उद्याही करता येईल.